अडीच इंचांचा समास

पानावर चोवीस ओळी होत्या. त्यांतल्या वीस कोऱ्या होत्या आणि चार ओळींवर लिहिलेलं होतं. लिहिलेल्या चारांपैकी तीन ओळी एकेका आडव्या रेघेनं खोडलेल्या. रेघ पट्टीशिवाय मारलेली असूनही बरीच सरळ होती. उजव्या टोकाला जेमतेम दोन मिलिमीटर वर चढलेली. न खोडलेली एकच ओळ अशी होती : 'मग सावलीची कड अंधूक का?'

म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासाची निव्वळ कमाई एक ओळ, आणि तीही प्रश्नचिन्हासकट.

वही माझ्या मुलीची, विषय विज्ञान, इयत्ता नववी, तुकडी अ. मुलीला घरात आम्ही मुंगी म्हणतो, कारण लहानपणी ती कुठूनही कुठेही जाताना हातात काहीतरी घेऊनच जायची आणि कोणी अडवलं तर वळसा घालून पुन्हा त्याच वाटेला लागायची. चारचौघांत हे नाव घ्यायचं नाही, असं तिनं पाचवीत असतानाच आमच्याकडून कबूल करून घेतलेलं आहे. इथे घेतेय ते तिला विचारून.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बाटल्यांतून नमुने येतात, ते आम्ही तपासतो आणि लिहितो. तपासतो थोडं, लिहितो फार. भिंतीवर आमच्या साहेबांनी एक पाटी लावली आहे : 'जे लिहिलं नाही, ते घडलं नाही.' अठरा वर्षं ही पाटी माझ्या टेबलासमोर आहे. तिच्या न्यायानं मुंगीच्या वर्गात गेल्या मंगळवारी जवळजवळ काहीच घडलेलं नव्हतं.

"चाचणीत वीसपैकी पंधरा आहेत तिला," नवरा म्हणाला. तो विमा कचेरीत आहे आणि आपत्ती येण्याआधी घाबरायचं नाही, हे तो तिथे शिकला आहे.

"एका चाचणीवरून काही सांगता येत नाही."

"आणि एका पानावरून येतं?"

अशा वेळी मी भांडी आवरायला घेते.

मुंगी मात्र शांत होती. तिनं वही माझ्या हातातून अलगद काढून घेतली आणि विचारलं, "आई, मी माझ्या पद्धतीनंच लिहू का?"

"बघू," मी म्हणाले.

या 'बघू'बद्दल थोडं सांगायला हवं. एक नमुना तीनदा तपासल्याशिवाय मी मत देत नाही. दोन आकडे जुळले आणि तिसरा जुळला नाही तर चौथ्यांदा तपासते. कचेरीत याला काटेकोरपणा म्हणतात. घरात याला 'बघू' म्हणतात. आमच्या बैठकीच्या खोलीचे पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, यावर माझं मत सहा वर्षं प्रलंबित आहे. खिडकीला अजून जुनी चादर आहे. मुंगीचा प्रश्न त्याच फायलीत गेला.

टिपणं कशी काढावीत, याचं माझ्याकडे एक साधं तंत्र होतं. पानाच्या डाव्या बाजूला अडीच इंचांचा समास सोडायचा. उजवीकडे शिक्षक सांगतात ते थोडक्यात लिहायचं. घरी आल्यावर डावीकडे त्यातले मुख्य शब्द आणि प्रश्न टाकायचे, तळाशी दोन ओळींचं सार. मी कॉलेजात असंच करत असे. रविवारी सकाळी पट्टी घेऊन मी मुंगीच्या वहीतल्या उरलेल्या एकशे अठ्ठावीस पानांवर अडीच इंचांवर रेघ मारली. मुंगी शेजारी बसून सफरचंद खात होती. एकशे अठ्ठाविसावी रेघ मारून झाल्यावर ती म्हणाली, "आई, शाळेत समास एक इंचाचाच लागतो."

सोमवारी वही लाल शेरा घेऊन परत आली : 'समास बदलू नये.'

आता मी शांत स्वभावाची बाई आहे. बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तरी मीच माफ करा म्हणते. पण त्या रेघा मी मारल्या होत्या, आणि त्यांतली एकही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त चुकलेली नव्हती. मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी शाळेत गेले.

कचेरीतल्या कारकून बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं, "समास कुणाकडे येतो हो?"

शेजारचं टेबल विचारात पडलं. "वह्या भांडारात येतात. पण समास वहीच्या आत असतो. आत म्हणजे अभ्यासाकडे जाईल."

"अभ्यास म्हणतो तो छपाईचा विषय आहे," आणखी कोणीतरी कपाटामागून म्हणालं.

शेवटी अर्ज दोन प्रतींत करायचं ठरलं. विषय : पाल्याच्या वहीतील समास दीड इंचाने वाढवून मिळणेबाबत. 'कारण' या रकान्यात मी तंत्राची माहिती अर्ध्या पानात लिहिली, आकृतीसह. हीच माझी पहिली चूक. आकृती नसती तर अर्ज वर्गशिक्षिकांच्या टेबलावरच सुखानं विसावला असता. आकृती होती म्हणून तो वर वर चढत मुख्याध्यापिकांपर्यंत पोचला आणि आठ दिवसांनी मला बोलावणं आलं.

मुख्याध्यापिका स्वभावानं भल्या. त्यांनी मला पाणी दिलं. "मॅडम, एका मुलीला समास वाढवून देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "एकाला दिलं की उद्या दुसरा येतो."

"ठीक आहे," मी उठत म्हणाले. खरं सांगते, त्या क्षणी मी उठून गेले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"म्हणून आपण सगळ्यांनाच देऊ. प्रायोगिक तत्त्वावर. नववी अ, त्रेचाळीस मुलं. तुम्ही वर्गाला समजावून सांगा."

मी वर्गाला समजावून सांगितलं. वीस मिनिटं बोलले, बरं बोलले. मुंगी तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. माझं संपलं तेव्हा मुख्याध्यापिका मागून म्हणाल्या, "तुमच्या प्रयोगशाळेत नोंदी कशा ठेवता, तेही सांगा ना मुलांना. शिस्त कळेल."

मला कोणी माझ्या कामाबद्दल कधी विचारत नाही. घरी तर नाहीच. त्यामुळे मी जरा वाहवत गेले. पानांना आधी क्रमांक घालतात, सांगितलं. प्रत्येक नोंदीपुढे वेळ. खोडरबर वापरायचं नाही; चुकलं तर एकच आडवी रेघ, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि रेघेशेजारी आद्याक्षरं. पान फाडायचं नाही. पानाच्या शेवटी लिहिणाऱ्याची सही आणि ज्याच्यासमोर लिहिलं त्या साक्षीदाराची सही. असे एकूण अकरा नियम निघाले. माझा हेतू माहिती देण्याचा होता. मुख्याध्यापिका लिहून घेत होत्या.

तिसऱ्या दिवशी परिपत्रक आलं. त्यात अकराही नियम होते आणि खाली 'मार्गदर्शक' म्हणून माझा हुद्दा.

"साक्षीदार?" नवऱ्यानं परिपत्रक दोनदा वाचलं. "भूगोलाच्या तासाला साक्षीदार कशाला? पुढे कोर्टात जायचंय का नद्यांना?"

कोर्टावरून आठवलं. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. न्यायालयात लघुलेखक होते, आता निवृत्त आहेत. त्यांना ही बातमी कळली आणि ते लगोलग खाली आले.

"ताई, मुलांना लघुलिपी शिकवा," ते म्हणाले. "मिनिटाला एकशे वीस शब्द. मी एकतीस वर्षं शब्दन् शब्द उतरवून घेतलाय. एक अक्षर सुटलं नाही."

"कसले कसले खटले बघितले असतील तुम्ही," मी आदरानं म्हणाले.

"ते नाही सांगता येणार."

"गोपनीय असतं का?"

"छे हो. कोण काय बोलतंय तिकडे लक्ष दिलं तर हात थांबतो. मी एकतीस वर्षांत एक खटला ऐकला नाही. लिहिले सगळे."

आम्ही हसलो. मी चहा टाकला. माझ्यासारख्या निरीक्षण हाच व्यवसाय असलेल्या बाईनं हे वाक्य तिथल्या तिथे वेळेसकट टिपून ठेवायला हवं होतं. मी टिपलं नाही, म्हणून ते घडलं नाही.

समोरच्या दारातल्या वहिनींनी वेगळीच सूचना आणली : सहा रंगांची पेनं. व्याख्या लाल, सूत्रं हिरवी, असं. त्यांची मुलगी मुंगीच्याच बाकावर बसते आणि बालवाडीपासूनची तिची मैत्रीण आहे. "तुम्ही मार्गदर्शक म्हणजे घरचंच झालं," वहिनी म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीतल्या नऊ बिऱ्हाडांना मी शाळेची सल्लागार झाल्याचं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी मला त्यांच्या रुग्णांच्या नोंदींबद्दल विचारलं. मी जिन्यातच उभी राहून उत्तर दिलं. मान ताठ होती, हे कबूल करते.

मुंगीनं त्या आठवड्यात पुन्हा विचारलं. मी इस्त्री करत होते.

"आई, मी माझ्या पद्धतीनं लिहू का?"

"बघू गं. आधी महिनाभराची आकडेवारी हाती येऊ दे."

ती आपला गणवेश घेऊन गेली, तोही अर्धवट इस्त्रीचा.

पहिली अडचण बाकांची निघाली. त्रेचाळीस हा विषम आकडा आहे. बेचाळीस मुलांना शेजारी होता, एकाला नव्हता, आणि साक्षीदाराशिवाय त्याचं पान अवैध ठरत होतं. मुख्याध्यापिकांनी तोडगा काढला : शाळेच्या शिपाईमामांनी नववी अ च्या दाराशी खुर्ची टाकून बसायचं, तास ऐकायचा आणि त्या मुलाच्या पानावर सही करायची. मामांच्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्यांना वर्गात बसायला कोणी सांगितलं नव्हतं. ते रोज केस विंचरून येऊ लागले.

दुसरी अडचण माणसांची. मुंगी आणि वहिनींची मुलगी यांचं कंपासवरून बिनसलं आणि मैत्रिणीनं तिच्या पानांवर सही करायचं नाकारलं. मुंगीची चार दिवसांची टिपणं कायदेशीरदृष्ट्या अस्तित्वात नव्हती. मी वहिनींकडे गेले.

"मी कशी सांगू तिला?" वहिनी म्हणाल्या. "तुमचाच नियम आहे, साक्षीदारानं दबावाखाली सही करू नये म्हणून. नववा."

नियम आठवा होता. पण ते मी बोलले नाही. दहा वर्षं आम्ही एकमेकींच्या घरची किल्ली ठेवतो. त्या दिवसापासून वहिनी जिन्यात माझ्याशी नुसतं 'हं' एवढंच बोलू लागल्या.

तिसरी अडचण अशी की नोंदी खरोखरच काटेकोर होऊ लागल्या. शिक्षकांचं बोलणं आजवर हवेत विरून जात होतं. आता ते वेळेसकट कागदावर राहू लागलं. गणिताच्या सरांनी फळ्यावर एक उदाहरण चुकवलं, पुसलं, पुन्हा चुकवलं, पुन्हा पुसलं. मुलांना पुसायची मुभा नव्हती. त्या एका उदाहरणानं प्रत्येक वहीत सात पानं घेतली. इतिहासाच्या बाईंनी एक सन सांगितला, नंतर दुरुस्त केला; एक वडील वही घेऊन शाळेत आले आणि विचारू लागले, १०.४२ ते १०.५१ या नऊ मिनिटांत इतिहास का बदलला. एका वहीत मी स्वतः वाचलेली नोंद अशी : '११.०५ : बाई म्हणाल्या, मागच्या बाकावर काय चाललंय. ११.०६ : मागच्या बाकावर काही चाललेलं नव्हतं.' खाली दोन सह्या.

मी वाचलेली, कारण वह्या तपासण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. दर शनिवारी त्रेचाळीस वह्या आमच्या घरी यायच्या. जेवणाचं टेबल त्यांनी व्यापलं.

"जेवायचं कुठे?" नवऱ्यानं विचारलं.

"उभ्यानं. फार तर दोन आठवडे."

पाचव्या आठवड्यात तो ताटली घेऊन खिडकीशी, जुन्या चादरीच्या आडोशाला उभा होता. तिथून म्हणाला, "विमा उतरवताना आम्ही एक प्रश्न विचारतो. ही जोखीम तुम्ही आपण होऊन ओढवून घेतली आहे का? हो म्हटलं की भरपाई मिळत नाही."

माझ्यानं होईना म्हणून काका मदतीला आले. त्यांनी एका रविवारी सकाळी अकरा वह्या तपासल्या, भराभर. मला हायसं वाटलं. सोमवारी अकरा पालक शाळेच्या फाटकाशी उभे होते. काकांनी शेरे लघुलिपीत दिले होते. एका आईला त्यात 'ढ' दिसत होता, दुसरीला तिच्या मुलाचं चित्र. मी काकांना घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून पहिला शेरा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "माझाच आहे. पण काय लिहिलंय ते आता नाही लागत. घाईत लिहिलं होतं." पालक गेले, पण माझ्याकडे बघत गेले.

त्याच आठवड्यात मला ती नोंद सापडली. विज्ञानाचा तास, प्रकाशाचा धडा. त्रेचाळीस वह्यांत ती थोड्याफार फरकानं एकच होती :

'१२.१६ : सर म्हणाले, प्रकाशाचा किरण हवेतून तिरपा काचेत शिरला की वळतो. का वळतो?

१२.१७ : कोणी बोललं नाही.

१२.१८ : सर म्हणाले, अरे कोणीतरी बोला.

१२.१९ : शिपाईमामा (दारातून) : काचेत त्याचा वेग कमी होतो, सर.

१२.१९ : सर मामांकडे बघत राहिले.'

मी पेन खाली ठेवलं. त्रेचाळीस मुलांनी प्रश्न लिहून घेतला होता. शांतताही लिहून घेतली होती, मिनिटासकट. उत्तर फक्त त्या माणसानं दिलं होतं, ज्याच्या हातात पेन नव्हतं.

त्यानंतर दुसरी चाचणी झाली. पहिल्या चाचणीत विज्ञानात वर्गाची सरासरी वीसपैकी बारा होती. आता ती नऊ झाली. मुंगीचे पंधराचे आठ झाले. तिनं गुणपत्रिका टेबलावरच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि हात धुवायला गेली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दोन चाचण्या म्हणजे दोनच बिंदू, हे मला माहीत आहे. पण मुलं त्रेचाळीस होती. मी आलेखाचा कागद काढला. आडव्या रेघेवर प्रत्येक मुलानं विज्ञानाच्या वहीत भरलेल्या ओळी, उभ्या रेघेवर त्याचे गुण किती घसरले ते. सगळ्यात जास्त ओळी भरणारी मुलगी, वहिनींचीच, तिच्या तेराशे चाळीस ओळी होत्या, सहाही रंगांत. ती नऊ गुणांनी खाली आली होती. एक मुलगा हात मोडल्यामुळे तीन आठवडे काही लिहू शकला नव्हता. तो दोन गुणांनी वर गेला होता. बाकीचे बिंदू या दोघांच्या मधे ओळीनं उभे होते. माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ आलेख मला क्वचित मिळाला असेल. नमुना मात्र मीच गढूळ केलेला होता.

दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापिकांचा निरोप आला. शनिवारी पालकसभा. योजनेचा दुसरा टप्पा जाहीर करायचा आहे : पाचवी ते दहावी, सर्व तुकड्या. मार्गदर्शकांनी दोन शब्द बोलावेत. मुलांनाही बसवणार आहेत.

सभेच्या आधी विज्ञानाचे सर मला व्हरांड्यात भेटले. बुटके, मृदू बोलणारे गृहस्थ. बोटांना खडू लागलेला.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"तुमची मुलगी पूर्वी मला प्रत्येक तासाला तीन-चार प्रश्न विचारायची. वही उघडून, एकेक ओळ दाखवून. उत्तर पटलं की तिथल्या तिथे रेघ मारायची. पटलं नाही तर मारायची नाही. मग मला घरी जाऊन वाचावं लागायचं." ते जरा हसले. "सहा आठवडे झाले, एक प्रश्न नाही. परवा मी मुद्दाम विचारलं तिला. म्हणाली, सर, वेळच मिळत नाही, लिहायचं असतं."

मी म्हणाले, "रेघ कशाची?"

"समजल्याची."

सरांना सभागृहाची तयारी बघायची होती, ते गेले. मी तिथेच उभी राहिले. पाण्याच्या टाकीशी मुंगी बाटली भरत होती. मी तिला बोलावलं आणि जुन्या वहीचं विचारलं, ते चार ओळींचं पान.

"जे कळलं ते कशाला लिहायचं?" ती म्हणाली. "ते आहेच की डोक्यात. आणि पुस्तकात पण आहे. मी न कळलेलं लिहायचे. मग सरांना विचारायचे आणि खोडायचे. दिवसाच्या शेवटी जेवढं उरेल तेवढाच अभ्यास."

"मग तू हे मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. तू पट्टी घेऊन बसलीस." मग तिनं बाटलीचं झाकण घट्ट केलं. "मी तुला एकच विचारलं होतं. ते तू बघत होतीस."

वीस कोऱ्या ओळी. मी त्या मोजल्या होत्या, आणि मोजून झाल्यावर आळस म्हणून मनात नोंदवल्या होत्या. त्या समजलेल्या ओळी होत्या. आणि खोडलेल्या तीन, मी ज्यांना चुका समजले, त्या त्या दिवशी मिळालेली उत्तरं होती. एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. नियम तिला मी सांगण्याआधीच माहीत होता. अर्थ तेवढा तिचा तिचा होता.

"सावलीच्या कडेचं काय झालं?" मी विचारलं.

"ते राहिलंच," ती म्हणाली आणि मुलांच्या रांगेत गेली.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत शिक्षक, सगळ्यांच्या चेहऱ्यावर दंतवैद्याकडे आपला क्रमांक जवळ आल्याचा भाव. दुसऱ्या रांगेत वहिनी, ओठ मिटून. तिसरीत नवरा आणि त्याच्या शेजारी काका, मांडीवर वही उघडून तयार. दाराशी शिपाईमामा, केस विंचरलेले. मुख्याध्यापिकांनी योजनेचं कौतुक केलं. कौतुक जरा घाईचं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "आता मार्गदर्शकच सांगतील, पुढचा टप्पा कधी सुरू करायचा ते."

मी उठले आणि आलेख स्टेजवरच्या सूचनाफलकावर लावला. चार टाचण्या, चारही कोपऱ्यांना सारख्या अंतरावर. मग आडवी रेघ म्हणजे काय, उभी म्हणजे काय, ते सांगितलं. तेराशे चाळीस ओळींचा बिंदू दाखवला. मोडलेल्या हाताचा दाखवला. शेवटी १२.१६ ते १२.१९ ही नोंद वाचून दाखवली. मामांचं नाव आलं तसे ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांना वाटलं तक्रार आहे.

"नाही मामा," मी म्हणाले. "तुमचं उत्तर बरोबर होतं. वर्गात तेवढं एकच होतं."

कोणीतरी हसलं. मग पहिली रांग हसली, आणि गणिताचे सर सगळ्यांत शेवटपर्यंत हसत होते. इतिहासाच्या बाईंनी डोळे पुसले. वहिनी मागे वळून माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि मला स्टेजवर ऐकू आलं, "मी म्हणतच होते, पोर सहा रंगांच्या पेनांनी थकते म्हणून." कंपासच्या भांडणानंतरचं त्यांचं आमच्या घराशी पहिलं पूर्ण वाक्य. काका लिहीत नव्हते. त्यांनी पेन खिशाला लावलं होतं आणि तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते, पहिल्यांदाच सिनेमाला आलेल्या माणसासारखे.

मुख्याध्यापिका माझ्याकडे जरा झुकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, मला रोज शिक्षकांच्या तीन तक्रारी येत होत्या. पण तुम्ही एवढ्या मेहनतीनं करताय, तुम्हाला कसं सांगायचं म्हणून." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तर तुमचं शेवटी म्हणणं काय?"

सवयीनं माझ्या जिभेवर तो शब्द आला. तिसऱ्या रांगेत नवऱ्याचे ओठही त्याच शब्दासाठी जुळलेले मला दिसले. मुलांच्या रांगेत माझी मुलगी मांडीवरच्या बाटलीकडे बघत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. बघून काही मिळत नाही, हे तिनं सहा आठवडे तपासून पाहिलं होतं.

"योजना आजपासून बंद करावी," मी म्हणाले. मुख्याध्यापिकांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मी मात्र खाली बसले नाही, कारण तो त्यांच्या प्रश्नाचा निकाल होता, आणि त्याच्याही आधी विचारलेला एक प्रश्न माझ्याकडे पडून होता.

"मुंगी," मी म्हणाले, चारचौघांत म्हणायचं नाही असं ठरलेलं असूनही. तिनं वर बघितलं. "तू तुझ्या पद्धतीनंच लिही."